एका दुकानाची सात दप्तरे

करकंबसारख्या बाजारपेठेच्या गावात एखाद्या बागवान बंधूचा फळांचा गाळा असेल, तर त्या एका गाळ्याची नोंद आज किती ठिकाणी आहे याची मोजदाद त्याने स्वतः क्वचितच केलेली असते. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये जागेची नोंद, शॉप अ‍ॅक्टखाली दिलेली सूचना, अन्न परवाना, आयकर खात्याचे पॅन, बँकेचे चालू खाते, वीज कंपनीचे मीटर आणि उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र. ही झाली सात दप्तरे. ताज्या फळांबरोबर बेदाणा आणि सुका मेवा ठेवला आणि उलाढाल वाढली की जीएसटीचे आठवे. दुकान एक, मालक एक, पण प्रत्येक दप्तरात त्याचे नाव, पत्ता आणि धंद्याचे वर्णन वेगवेगळ्या माणसाने, वेगवेगळ्या वर्षी, आपापल्या समजुतीप्रमाणे लिहिलेले.

आजवर याने फारसे बिघडत नव्हते, कारण ही दप्तरे एकमेकांशी बोलत नव्हती. ग्रामपंचायतीत 'बागवान' आणि बँकेत 'शेख' असले तरी तलाठी भाऊसाहेबही ओळखत आणि बँकेचे साहेबही ओळखत. आता ओळखणारा माणूस मधून गेला आहे आणि एका दप्तरातील माहिती दुसऱ्या दप्तरात आपोआप ओढली जाते. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी हा बदल अजून पुरेसा ध्यानात घेतलेला नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे उद्यम नोंदणी. 1 जुलै 2020 पासून केंद्र सरकारने जुने 'उद्योग आधार' बंद करून ही पद्धत आणली. कागदपत्र काही जोडावे लागत नाही, फी नाही, नूतनीकरण नाही. (फी नाही, हे पुन्हा सांगतो, कारण या नोंदणीसाठी पैसे घेणाऱ्यांची संख्या कमी नाही.) कागद लागत नाहीत ते एवढ्यासाठी की सरकार ते दुसऱ्या दप्तरांतून स्वतःच घेते. नाव आधारवरून, धंद्यातील गुंतवणूक आयकर विवरणपत्रावरून, उलाढाल आयकर आणि जीएसटीच्या आकड्यांवरून. त्यावरून तुमचा धंदा सूक्ष्म, लघु की मध्यम हे ठरते. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटी अशी झाली आहे. म्हणजे करकंब आणि भोवतालच्या गावांतील आपले जवळजवळ सारे बांधव सूक्ष्ममध्येच येतात. जुन्या उद्योग आधारची मुदत 30 जून 2022 रोजीच संपली. ज्यांनी ते प्रमाणपत्र फ्रेममध्ये घालून गल्ल्यामागे लावले आहे, त्यांनी ते शोभेपुरते ठेवावे.

मोठ्या संगणकी कारभारात ही विद्या नवी नाही. हजारो यंत्रे बाळगणाऱ्या बँका आणि कंपन्या एक मध्यवर्ती दप्तर ठेवतात. त्याला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेस असे लांबलचक नाव आहे. कोणते यंत्र कुठे आहे, त्यावर कोणता प्रोग्रॅम चालतो, ते कुणाच्या ताब्यात आहे आणि ते बंद पडले तर दुसरे काय काय बंद पडेल, हे सारे त्यात असते. ब्रिटिश सरकारच्या संगणक संस्थेने 1980 च्या दशकाच्या अखेरीस या कारभाराचे नियम ग्रंथरूपाने मांडायला सुरुवात केली. त्या दप्तरात सगळी माहिती हाताने भरणे शक्य नसते, म्हणून ती बाहेरच्या दप्तरांतून जोडून घेतात. खरेदी खात्याची यादी, नोकरांची यादी, यंत्रांनी स्वतः कळवलेली माहिती. या कामात मुरलेली माणसे एक गोष्ट पक्की जाणतात. जोडणी करणे सोपे, पण दोन दप्तरे वेगळे बोलू लागली तर खरे कुणाचे मानायचे, हे आधी ठरवलेले नसेल तर मध्यवर्ती दप्तर हा चुकांचा उकिरडा होतो. म्हणून ते प्रत्येक माहितीला एकच धनी नेमतात. किंमत खरेदी खाते सांगेल, जागा दुसरे कुणी सांगेल. चूक सापडली तर ती मध्यवर्ती दप्तरात खोडायची नसते, जिथून ती आली तिथे जाऊन दुरुस्त करायची असते. नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे तीच चूक पुन्हा ओढून आणली जाते.

आपल्या दुकानालाही नेमका हाच नियम लागू झाला आहे. फरक इतकाच की कंपनीत तो नियम सांगायला पगारी माणूस असतो. करकंबच्या बागवानाला आणि तांबोळ्याला तो कुणी सांगितलेला नाही.

नावाचा घोळ

आपल्या बिरादरीत ही गोष्ट अधिक जाचक ठरते, त्याचे कारण नावात आहे. एकट्या 'शेख' आडनावाचे घ्या. इंग्रजीत ते एस-एच-ए-आय-के-एच असेही लिहितात, एस-एच-ई-आय-के-एच असेही, आणि एस-एच-ई-के-एच असेही. मास्तरांनी शाळेत एक लिहिले, पॅनच्या एजंटाने दुसरे आणि आधारच्या केंद्रावरील मुलाने तिसरे. मोहम्मद, महंमद, मुहम्मद आणि नुसते 'मो.' यांची तीच गत. शिवाय आपल्याकडे आडनावे धंद्यावरून पडलेली. बागवान, तांबोळी, अत्तार, मणेर, पिंजारी, नदाफ, मुलाणी, शिकलगार. कित्येक घरांत वडिलांच्या कागदावर शेख, मुलाच्या कागदावर बागवान आणि चुलत्याच्या कागदावर दोन्ही. इतर मागासवर्गाच्या दाखल्यावर धंद्याची जात लिहिलेली आणि आधारवर ती आडनावात कुठेच नाही. स्त्रियांच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बेगम', कुठे काहीच नाही, आणि माहेरचे-सासरचे नाव हा आणखी वेगळा गुंता.

त्यात नावाचा क्रम. आपल्याकडे शाळेत आडनाव आधी लिहिण्याची चाल. पॅनच्या अर्जात आडनाव, नाव, वडिलांचे नाव असे तीन वेगळे रकाने. आधारवर सारे एका ओळीत. तीन दप्तरांत तीन क्रम. माणूस वाचणारा असेल तर क्षणात समजेल, पण यंत्र अक्षरे पडताळते, माणूस नाही.

याचा फटका कसा बसतो ते पाहा. पॅन आणि आधार यांची जोडणी करताना नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळावे लागते. ठरावीक अपवाद सोडले तर 30 जून 2023 पर्यंत ज्यांची जोडणी झाली नाही त्यांचे पॅन 1 जुलै 2023 पासून निष्क्रिय ठरले आणि ते चालू करून घ्यायला हजार रुपये दंड पडला. 1 एप्रिल 2021 पासून उद्यम नोंदणीला पॅन बंधनकारक. म्हणजे आधारवरील एका अक्षराने पॅन अडते, पॅनने उद्यम अडते, उद्यमवाचून बँकेतील लघुउद्योगाचे प्रकरण अडते. आणि बँकेचा माणूस सांगतो की 'सिस्टीम घेत नाही'. तो खोटे बोलत नसतो. पण कोणत्या कडीत अडले हे त्यालाही दिसत नसते, आणि गरीब कारागीर चार चकरा मारून घरी बसतो.

मग कोणते नाव धरावे? माझे मत असे की आज चालू धंदा असलेल्या माणसाने आधार आणि पॅन ही दोन आधी अक्षरशः एकसारखी करून घ्यावीत आणि बाकीची त्यांच्यामागे आणावीत, कारण बाकीची दप्तरे या दोघांकडून घेतात. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून केंद्रावर जाण्याआधी घरी कागदावर लिहून, शाळेचा दाखला समोर ठेवून ठरवावे. घाईने दुरुस्ती केली आणि तीही चुकली तर पुढचा रस्ता कठीण आहे. पूर्ण आडनावच वेगळे असेल, म्हणजे दाखल्यावर शेख आणि धंद्यात बागवान, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घेणे हा सरळ मार्ग. मुलांच्या बाबतीत मात्र शाळेतील पहिल्या दिवशीच काळजी घ्यावी. बापाचे नाव आणि आडनाव बापाच्या आधारप्रमाणे, अक्षर अन् अक्षर.

एका पॅनवर तीन भाऊ

दुसरी गोष्ट एकत्र कुटुंबाची. आपल्यात वडिलांच्या नावावर धंदा आणि तीन मुलांची तीन दुकाने ही फार ठिकाणची रीत आहे. प्रेम आहे, एकी आहे, उत्तम. पण उद्यमचा नियम असा की एका पॅनखालील जीएसटी क्रमांकांची सारी दुकाने मिळून एकच उद्योग धरला जातो आणि गुंतवणूक-उलाढाल सर्वांची एकत्र मोजली जाते. उद्यमचा क्रमांकही एकच मिळतो. आता धाकट्या भावाने वेगळे कर्ज मागितले तर दप्तराच्या लेखी त्याचे दुकान अस्तित्वातच नाही. वीस वर्षे तो गल्ल्यावर बसला तरी त्याच्या नावावर धंद्याचा एक दिवसही जमा नाही. वडील हयात असताना, गोडीगुलाबीत ज्याचा धंदा त्याच्या नावावर करणे हे भाऊबंदकी नव्हे, उलट ती टाळण्याचा उपाय आहे. वारसाच्या वाटण्यांबाबत आपल्या शरियतमध्ये इतका काटेकोरपणा आहे, तो धंद्याच्या नोंदीत का नसावा?

आणखी एक रकाना असा आहे की तो कुठल्याच दुसऱ्या दप्तरातून ओढला जात नाही. तो तुम्ही स्वतः भरता, किंवा तुमच्या वतीने केंद्रावरील मुलगा भरतो. तो म्हणजे धंद्याचा प्रकार. तुम्ही माल बनवता की विकता? आपल्या पिंजारी बांधवाचे उदाहरण घेऊ. तो कापूस पिंजून गाद्या-रजया भरतो आणि पंढरपूरच्या लॉजना पुरवतो. तो कारागीर आहे, उत्पादक आहे. पण नोंदणी करताना केंद्रावर विचारतात, 'दुकान आहे ना?' तो हो म्हणतो आणि नोंद होते 'किरकोळ विक्री'. 2 जुलै 2021 च्या निर्णयाने किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतले खरे, परंतु फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यातील जे खरे संरक्षण आहे ते नुसत्या व्यापाऱ्याला मिळत नाही. ते संरक्षण असे की खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसला तर 15 दिवसांत पैसे दिले पाहिजेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज त्याच्यावर चढते. व्याज घ्यावे की न घ्यावे हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे. पण मुद्दल वेळेवर हाती पडावे यासाठी हा कायदा फार कामाचा आहे, आणि आषाढी-कार्तिकीच्या आधी उधारीवर माल घेऊन पुढच्या वारीपर्यंत टोलवणारे गिऱ्हाईक ज्याने पाहिले आहे त्याला त्याची किंमत सांगायला नको. एका चुकीच्या रकान्याने हे संरक्षण जाते. नोंद माल पुरवण्याआधीच बरोबर असावी, वाद झाल्यावर दुरुस्त करायला जाऊ नये.

पिंजाऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. लोहार, सुतार, शिंपी, न्हावी, परीट, गवंडी, कुलूप बनवणारा वगैरे. आपला शिंपी आणि गवंडी त्यात बसतो. शिकलगार बंधूंनीही लोहार, हत्यारे-अवजारे बनवणारा किंवा कुलूपवाला यांपैकी आपले काम कशात मोडते ते पाहावे. गादी भरणारा मात्र त्यात नाही आणि कल्हईवालाही नाही. ही यादी करताना कुणाच्या नजरेसमोर कोणती बिरादरी होती हे मी सांगू शकत नाही, पण हे दोन धंदे राहून गेले आहेत आणि त्यांची मागणी आमदार-खासदारांकडे गेली पाहिजे. या योजनेतही जोडणी आहेच. आधारवर अंगठा, ग्रामपंचायतीकडून पहिली पडताळणी आणि पाच वर्षांत अशाच दुसऱ्या सरकारी योजनेतून धंद्यासाठी कर्ज घेतले आहे काय याची तपासणी. मुद्रा कर्ज घेऊन ते पूर्ण फेडलेल्याला सवलत आहे. पण फेडल्याची नोंद बँकेने केलीच नसेल तर? कर्ज फिटल्याचे पत्र घेतल्याशिवाय बँकेची पायरी उतरू नये.

काही बुजुर्ग म्हणतात, 'आपली माहिती कशाला द्यायची, मग सरकार मागे लागते.' ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरली जाते तेव्हा ती आपल्याला विचारून जात नाही, हे खरे आहे. पण बाहेर राहण्याचा मार्ग आता उरलेला नाही. 11 जानेवारी 2023 रोजी सुरू झालेल्या उद्यम असिस्ट व्यासपीठावर जीएसटी नसलेल्या लहान धंद्यांची नोंद बँका आणि वित्त कंपन्या आपल्याकडील ग्राहकांच्या माहितीवरून करतात. कर्जाच्या कागदांवर सह्या करताना संमतीच्या ओळीखाली आपलीही सही गेलेली असते. नोंद होणारच असेल तर ती बरोबर व्हावी एवढेच आपल्या हाती आहे. देवघेव लिहून ठेवावी आणि त्यावर दोन साक्षीदार असावेत असा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, तोही लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे या शर्तीसह. लिहिणारा आज यंत्र असला म्हणून ती शर्त सुटत नाही.

म्हणूनच सरकारकडे आपली मागणी ठाम असली पाहिजे. कर्जफेडीच्या नोंदींबाबत रिझर्व्ह बँकेने हे करून दाखवले आहे. पत माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, आणि चुकीची तक्रार 30 दिवसांत मिटवली नाही तर एप्रिल 2024 पासून तक्रारदाराला दररोज 100 रुपये भरपाई द्यायची. चूक बँकेची की कंपनीची हे शोधणे कर्जदाराच्या गळ्यात नाही. असाच नियम उद्यमला का नको? आपल्या नोंदीतील कोणता आकडा कोणत्या खात्यातून, कोणत्या तारखेला आला हे दुकानदाराला मराठीत दिसावे. तो चुकीचा असेल तर एकाच ठिकाणी सांगता यावे आणि मूळ खात्याकडे तो निरोप सरकारनेच पोचवावा. आज आयकरवाला म्हणतो जीएसटीकडे जा, जीएसटीवाला म्हणतो आधार केंद्राकडे जा, आणि तिथला मुलगा म्हणतो आज सर्व्हर डाऊन आहे. दप्तरे जोडली, पण दप्तरवाले जोडले नाहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. त्यात माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क आहे. त्या हक्काला मुदत आणि भरपाई जोडली गेली नाही तर तो कागदावरच राहील.

तोवर आपण काय करावे? जमातीच्या किंवा बाजारपेठेच्या पातळीवर दोन शिकलेली पोरे बसवावीत आणि प्रत्येक दुकानाचा एक ताव करावा. डाव्या बाजूला सात-आठ दप्तरांची नावे, समोर त्या त्या दप्तरात आपले नाव, दुकानाचे नाव, पत्ता आणि धंद्याचा प्रकार जसा लिहिला आहे तसा, स्पेलिंगसह, न सुधारता उतरवून घ्यायचा. शेजारी कोणती तारीख. एवढे केले तरी अर्ध्या अडचणी त्या तावावरच डोळ्यांना दिसतात. ताव मालकाकडेच ठेवायचा, आधार-पॅनचे क्रमांक त्यावर लिहायचे नाहीत आणि त्याच्या झेरॉक्स कुणाला वाटायच्या नाहीत. दरवर्षी आयकर विवरणपत्र भरून झाले की उद्यमवरील आकडे उघडून त्या तावाशी ताडून पाहायचे. ज्यांचे विवरणपत्र जातच नाही त्यांनी उत्पन्न करपात्र नसले तरी ते भरण्याचा विचार करावा, कारण नवा धंदा सोडला तर स्वतः सांगितलेल्या आकड्यापेक्षा विवरणपत्रातील आकडाच दप्तर खरा मानते.

सोलापूरच्या जिल्हा उद्योग केंद्राला आणि पंढरपूर तालुक्यातील अधिकाऱ्यांना विनंती एवढीच की दुरुस्तीचे शिबिर घ्यायचे तर ते जिल्ह्याच्या गावी न घेता करकंबला घ्यावे, आठवडे बाजाराचा दिवस सोडून घ्यावे, आणि त्या दिवशी आधार, बँक आणि ग्रामपंचायत या तिघांचे टेबल एकाच मांडवात असावे. हातावर पोट असलेला कारागीर एक दिवस धंदा बंद ठेवू शकतो. तीन दिवस नाही.